यजमान देशात मदत संस्थेला कायदेशीर दर्जा कसा मिळवायचा?

प्रश्न थोडक्यात: जिनिव्हात नोंदलेल्या एका खासगी वैद्यकीय मदत संस्थेला दक्षिण आशियातल्या आणखी एका देशात कार्यालय उघडायचं आहे. मुख्यालयाचा निरोप असा, की 'तिथल्या सरकारशी रेड क्रॉससारखा मुख्यालय करार (यजमान सरकारनं संस्थेचा दर्जा आणि सवलती मान्य करणारा करार) करून घ्या'. तो कसा मिळवायचा, किती वेळ लागतो, तोवर काम सुरू करता येतं का? शिवाय पुण्यातला एक नोंदणीकृत ट्रस्ट बरोबर यायला तयार आहे, त्याचं काय?

उत्तर:

रेड क्रॉससारखा मुख्यालय करार तुम्हाला बहुधा मिळणार नाही. मागायला हरकत नाही, पण त्या एका मागणीपायी फाईल परराष्ट्र, विधी आणि अर्थ मंत्रालयांत फिरत राहते आणि वर्ष निघून जातं. मुळात 'कायदेशीर दर्जा' नावाचा एकच कागद कुठल्याही देशात नसतो. बँकेत खातं उघडणं, भाडेकरार संस्थेच्या नावावर करणं, औषधं शुल्क न भरता सोडवणं, परदेशी डॉक्टरला व्हिसा मिळणं, स्थानिक नर्सला रीतसर नोकरीवर घेणं, वायरलेस सेट वापरणं, यातल्या प्रत्येक गोष्टीचा अधिकार वेगळ्या खात्याकडे असतो. मुख्य करार यातल्या किती खात्यांना बांधतो, तेवढीच त्याची किंमत.

रेड क्रॉसशी तुलना का चालत नाही, ते आधी बघू. संयुक्त राष्ट्रांना १३ फेब्रुवारी १९४६ चा विशेषाधिकार करार लागू होतो, त्यांच्या विशेष संस्थांना २१ नोव्हेंबर १९४७ चा. या संस्था सरकारांनी मिळून काढलेल्या आहेत. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती मात्र कागदावर तुमच्यासारखीच, स्विस नागरी संहितेच्या कलम ६० खाली येणारी असोसिएशन आहे. फरक असा, की १९४९ च्या जिनिव्हा करारांनी तिला नावानिशी काम सोपवलेलं आहे आणि ते करार जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केले आहेत. त्या आधारावर तिचे शंभराहून अधिक देशांशी करार झाले. तरीही खुद्द स्विस सरकारशी तिचा दर्जा-करार झाला तो १९ मार्च १९९३ ला, स्थापनेनंतर १३० वर्षांनी. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट सोसायट्यांच्या महासंघाचा तर १९९६ साली.

तुमची संस्था कायद्याच्या नजरेत परदेशी खासगी संस्था आहे. वीस देशांत काम करते म्हणून तिला आंतरराष्ट्रीय कायद्याखाली व्यक्तित्व मिळत नाही. एका देशातल्या नोंदणीला दुसऱ्या देशांनी आपोआप मान्यता द्यावी असा युरोप परिषदेचा १९८६ चा एक करार आहे, पण तो थोड्याच युरोपीय देशांनी स्वीकारला. दक्षिण आशियात तसं काही नाही. इथं प्रत्येक देशात नव्यानं सुरुवात. राजनैतिक संरक्षणाची १९६१ ची व्हिएन्ना संहिताही तुमच्या देशप्रमुखाला (संस्थेच्या त्या देशातल्या कार्यालयाच्या प्रमुखाला) लागू होत नाही, त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर 'हेड ऑफ मिशन' छापलेलं असलं तरी. म्हणून मसुद्यात 'विशेषाधिकार आणि संरक्षण' हे शब्द घालूच नका. ते दिसले की समोरचा अधिकारी फाईल परराष्ट्र मंत्रालयाकडे ढकलून मोकळा होतो. तुम्हाला 'सुविधा' हव्या आहेत, आणि त्या एकेक करून नाव घेऊन मागायच्या असतात.

सहीनं काय होतं, कायद्यानं काय

सगळ्यात जास्त संस्था इथं फसतात. समाजकल्याण खात्याशी सामंजस्य करार होतो, हार-तुरे होतात, फोटो निघतात. कलम ९ मध्ये 'संस्थेची आयात करमुक्त राहील' असं लिहिलेलं असतं. पहिला माल आला की कस्टम्सचा अधिकारी म्हणतो, 'हा करार माझ्या खात्यानं केलेला नाही. मला अर्थ मंत्रालयाची अधिसूचना दाखवा.' आणि त्याचं बरोबर असतं. कर माफ करण्याचा अधिकार समाजकल्याण सचिवाला नसतो. तो कायद्यानं अर्थ खात्याकडे किंवा मंत्रिमंडळाकडे असतो.

भारताचंच उदाहरण घ्या. इथं आंतरराष्ट्रीय संस्थांना सवलती मिळतात त्या १९४७ च्या संयुक्त राष्ट्रे (विशेषाधिकार व संरक्षण) कायद्याच्या कलम ३ खाली केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढली तरच. केनियातही विशेषाधिकारांचा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राजपत्रात आदेश निघावा लागतो. खासगी संस्थेसाठी मार्ग वेगळा असतो, बहुतेक ठिकाणी सीमाशुल्क कायद्यातली किंवा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातली धर्मादाय आयातीची तरतूद. ती तरतूद कोणती, कलम कितवं, अर्ज कोणत्या नमुन्यात, हे वाटाघाटीला बसण्याआधी माहीत हवं. त्यासाठी पहिला खर्च स्थानिक वकिलावर करा. तो मानवाधिकारांचा जाणकार असण्यापेक्षा कर आणि कंपनी कायद्यात मुरलेला असावा. त्याच्याकडून आठ-दहा पानांचं टिपण घ्या: कोणती सुविधा, कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या सहीनं, किती मुदतीची. करार याच टिपणातून लिहिला जातो. मुख्यालयातून आलेला नमुना करार तोवर बाजूला राहू द्या.

दार कोणतं

प्रत्येक देशात परदेशी संस्थांसाठी एक ठरलेलं दार असतं. नेपाळमध्ये समाज कल्याण परिषद, बांगलादेशात एनजीओ विषयक ब्युरो, पाकिस्तानात २०१५ च्या धोरणानंतर गृह मंत्रालय, अफगाणिस्तानात अर्थव्यवहार मंत्रालय, दक्षिण सुदानमध्ये मदत व पुनर्वसन आयोग. दार कोणत्या मंत्रालयाचं आहे त्यावरून सरकार तुमच्याकडे कसं बघतं ते कळतं. गृह मंत्रालयाचं असेल तर अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तुमचं काम नसून तुमचे पदाधिकारी, देणगीदार आणि कार्यक्षेत्र हा असतो. पाकिस्तानात २०१८ साली अठरा परदेशी संस्थांना गाशा गुंडाळायला सांगितलं गेलं.

आरोग्याचं काम आहे म्हणून आरोग्य मंत्रालयाकडून सुरुवात करण्याचा मोह होतो. तिथले डॉक्टर अधिकारी भाषा समजतात, स्वागत करतात, पत्रही देतात. ते पत्र जरूर घ्या, अर्जाला जोडा. नोंदणी मात्र ठरलेल्या दारातूनच होते. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात आत गेले तर उत्तम, नाहीतर एक खातं दुसऱ्याच्या अभिप्रायाची वाट बघत बसतं आणि भिजत घोंगडं पडतं.

नेपाळ आणि बांगलादेश या दोन व्यवस्था जरा नीट पाहण्यासारख्या आहेत, कारण त्या एकमेकींहून अगदी वेगळ्या आहेत.

नेपाळमध्ये समाज कल्याण ऐन २०४९ (इसवी १९९२) खाली दोन थर आहेत. आधी परिषदेशी सर्वसाधारण करार, तुम्ही कोण आणि कोणत्या क्षेत्रात काम करणार याचा. मग प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळा प्रकल्प करार. नुसता पहिला करार हातात असून एक रुपयाही खर्च करता येत नाही. काम स्थानिक नेपाळी संस्थांमार्फत करावं लागतं, त्यामुळे भागीदार संस्था कोणती हे अर्जाच्या वेळीच ठरलेलं हवं. मराठी माणसाला नेपाळी कागद वाचता येतो ही सोय आहे, पण त्यात एक खड्डा आहे: तारखा विक्रम संवतात असतात आणि आर्थिक वर्ष श्रावणाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे इंग्रजी जुलैच्या मध्यावर सुरू होतं. जानेवारी ते डिसेंबर असं आखलेलं जिनिव्हाचं अंदाजपत्रक तसंच दिलं, तर दोन नेपाळी वर्षांत ते विभागून परत मागवलं जातं.

बांगलादेशात एनजीओ ब्युरो १९९० पासून आहे आणि सध्याचा कायदा २०१६ चा, परकीय देणग्यांच्या नियमनाचा. इथं कराराऐवजी नमुने चालतात. नोंदणीसाठी एफडी-१, नियमित प्रकल्पासाठी एफडी-६, आपत्कालीन मदतीसाठी एफडी-७, परदेशी कर्मचाऱ्यासाठी एफडी-९. नोंदणी दहा वर्षांची. परकीय पैसा एका बँकेतल्या एकाच 'मदर अकाउंट'मध्ये यायला हवा. एफडी-७ चा निकाल लवकर लागावा अशी तरतूद आहे आणि २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित म्यानमारमधून कॉक्सबझारमध्ये आले तेव्हा सगळ्या संस्थांची भिस्त त्यावरच होती. पण ती मंजुरी काही महिन्यांपुरती असते. एवढ्या मुदतीत डॉक्टर नेमणं, दवाखाना बांधणं, जागेचा करार करणं सगळंच अवघड. मुदत संपण्याआधी पुढचा एफडी-७ हातात नसेल, तर पैसा बँकेत पडून राहतो आणि दवाखाना बंद. याशिवाय मंजुरीनंतर जिल्हाधिकारी आणि निर्वासित मदत आयुक्तांकडे वेगळं जावं लागतं. राजधानीतलं पत्र छावणीच्या फाटकावर पुरत नाही. आणखी एक: याच कायद्यात राज्यघटना आणि घटनात्मक संस्थांबद्दल अवमानकारक बोलणं हा नोंदणी रद्द करण्याजोगा गुन्हा आहे. प्रसिद्धी विभागाला हे आधी वाचायला द्या.

कागदपत्रं

अर्जाला साधारण हे लागतं: संस्थेची घटना, मायदेशातलं नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारी मंडळाची यादी पासपोर्टच्या प्रतींसह, मागच्या दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, देशात कार्यालय उघडण्याचा मंडळाचा ठराव, देशप्रमुखाच्या नावे मुखत्यारपत्र, प्रकल्प अहवाल आणि अंदाजपत्रक. बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या देशाच्या दूतावासाचं शिफारसपत्रही मागतात.

यादी छोटी दिसते, अडचण प्रमाणीकरणात आहे. यजमान देश १९६१ च्या हेग अपोस्टिल करारात असेल तर एका शिक्क्यानं काम होतं. नसेल तर नोटरी, मग मायदेशाचं परराष्ट्र खातं, मग यजमान देशाचा दूतावास अशी साखळी, आणि प्रत्येक कागदासाठी वेगळी फी. घटना फ्रेंचमध्ये असेल तर अधिकृत भाषांतर त्या साखळीत शिरण्याआधी करायचं की नंतर, हे दूतावासाला विचारून घ्या. उलट क्रम झाला तर सगळं परत.

नावाचं स्पेलिंग हा दुसरा घोळ. घटनेत एक, ठरावात संक्षिप्त रूप, बँकेच्या पत्रात तिसरंच. यजमान भाषेत लिप्यंतर कसं करायचं हेही पहिल्या दिवशी ठरवा आणि एका कागदावर लिहून सगळ्या विभागांना द्या: इंग्रजी नाव, मूळ नाव, स्थानिक लिपीतलं नाव, संक्षेप. नंतर प्रत्येक शिक्का, पाटी आणि बिल त्याच बरहुकूम.

मुखत्यारपत्र व्यक्तीच्या नावावर केलं आणि ती व्यक्ती बदली होऊन गेली, की बँक, घरमालक आणि ब्युरो तिन्हीकडे सह्या अडतात. मदत संस्थांत देशप्रमुख वर्ष-दोन वर्षांत बदलतो. म्हणून ठरावात पद लिहा, त्या पदावरची सध्याची व्यक्ती लिहा आणि दुसऱ्या एका पदाला स्वतंत्रपणे सही करण्याचा अधिकार द्या. नवा देशप्रमुख येण्याच्या आधीच नवं पत्र प्रमाणीकरणाला टाका.

करारातली कलमं

संस्थेला करार करण्याचा, मालमत्ता बाळगण्याचा, दावा लावण्याचा आणि परकीय चलनातलं खातं ठेवण्याचा अधिकार आहे हे एक वाक्य आवश्यक आहे. त्यावर फारसा वाद होत नाही. खरी घासाघीस आयातीच्या कलमावर होते. दोन मसुदे शेजारी ठेवून बघा.

पहिला: 'संस्थेच्या मानवतावादी कार्यासाठी आणलेल्या साहित्याच्या आयातीस सरकार शक्य ते सर्व सहकार्य करेल.'

दुसरा: 'परिशिष्ट १ मधील औषधे, वैद्यकीय उपकरणे, वाहने व संपर्कसाधने सीमाशुल्क, मूल्यवर्धित कर व इतर आयात करांतून मुक्त राहतील. संस्थेने परिशिष्ट २ च्या नमुन्यात यादी सादर केल्यापासून सात कामकाजी दिवसांत मंत्रालय शुल्कमाफीचे पत्र सीमाशुल्क विभागास पाठवेल. या मुदतीत पत्र न गेल्यास संस्थेस हमीपत्रावर माल सोडवून घेता येईल.'

पहिल्यावर सही चटकन मिळते आणि तो कशालाच उपयोगी पडत नाही. दुसऱ्यात कोण, किती दिवसांत आणि नाही झालं तर काय, हे तिन्ही आहे. शेवटचं वाक्य सरकार बहुधा खोडेल. खोडू द्या, पण मुदत आणि पत्र पाठवणाऱ्या अधिकाऱ्याचं पद सोडू नका. या मसुद्यावर अर्थ मंत्रालयाची लेखी सहमती फाईलमध्ये आहे का, हे सही होण्याआधी विचारा. नसेल तर वर सांगितलेला हार-तुऱ्यांचा प्रकार होतो.

माफी करांची असते, सेवाशुल्काची नसते. बंदराचं भाडं, हाताळणी आणि डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा दंड) भरावंच लागतं, आणि उशीर झाला तर डेमरेज औषधांच्या किमतीच्या वर जाऊ शकतं. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूत हेच चित्र होतं. तंबू-ताडपत्रीसारख्या मोजक्या वस्तूंना माफी होती, बाकीचा माल विमानतळावर आणि सीमेवर तपासणीत अडला. ज्या संस्थांची नोंदणीच नव्हती त्यांच्या मालाला कुणाच्या नावावर सोडायचं हाच प्रश्न होता. त्यामुळे माफीचं पत्र हातात आल्याशिवाय माल निघू द्यायचा नाही, हा नियम करा, मुख्यालयातून कितीही फोन आले तरी.

एअरवे बिलावरची (विमानानं येणाऱ्या मालाच्या पावतीवरची) 'माल घेणारा' ही ओळ नोंदणी प्रमाणपत्रावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. 'कंट्री ऑफिस' हे दोन शब्द जास्तीचे पडले तरी दुरुस्तीला काही दिवस जातात. देणगीचा माल म्हणून बिलात किंमत शून्य लिहू नका. कस्टम्स शून्य किंमत मानत नाही आणि स्वतःच्या दरानं मूल्यांकन करतं. खरी किंमत लिहा आणि खाली 'केवळ सीमाशुल्कासाठी, विक्रीसाठी नाही' असं नमूद करा.

औषधांना माफी मिळाली तरी औषध प्रशासनाची परवानगी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या देणगी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे माल पोहोचताना निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. अनेक देशांनी हाच नियम उचलला आहे. भूलतज्ज्ञाच्या यादीकडे विशेष लक्ष द्या. मॉर्फिन १९६१ च्या अमली द्रव्य कराराखाली येतं, त्याला यजमान देशाचं आयात प्रमाणपत्र आणि पाठवणाऱ्या देशाची निर्यात परवानगी दोन्ही लागतात. डायझेपाम १९७१ च्या कराराखाली. केटामिन आंतरराष्ट्रीय यादीत नाही, तरीही भारतासह अनेक देशांत ते नियंत्रित आहे. ही तीन औषधं वेगळ्या पेटीत, वेगळ्या कागदांवर पाठवा, नाहीतर त्यांच्यापायी अख्खी शस्त्रक्रियेची किट अडकते.

गाड्या तात्पुरत्या आयातीवर आणल्या असतील तर प्रकल्प संपल्यावर त्या परत न्याव्या, सरकारला द्याव्या किंवा कर भरून विकाव्या लागतात. हे कलम कुणी नीट वाचत नाही. मग शेवटच्या वर्षी दहा वर्षं जुन्या जीपवर नव्या जीपचा कर भरायची वेळ येते. मूल्यांकन घसारा धरून होईल, एवढे शब्द तरी घालून घ्या.

संपर्कसाधनांचं घोडं फार ठिकाणी अडतं. आपत्तीत दूरसंचार साधनं सीमेपार नेणं सोपं व्हावं म्हणून १९९८ चा टँपेरे करार आहे, जानेवारी २००५ पासून लागू. पण तो खिशात असून उपयोग नाही. प्रत्येक रेडिओचा, व्हीसॅटचा (उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या छोट्या डिशचा) आणि उपग्रह फोनचा परवाना स्थानिक दूरसंचार खात्याकडूनच घ्यावा लागतो. परवान्याशिवाय उपग्रह साधन बाळगणं भारतात गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला हौशी गिर्यारोहक वापरतात तसल्या उपग्रह-संदेश यंत्रावरून पोलिसांच्या ताब्यात दिलं गेलं. दिल्ली किंवा मुंबईमार्गे टीम नेणार असाल तर सामानातून ही यंत्रं काढा.

माणसं

पर्यटक व्हिसावर डॉक्टर आणून काम सुरू करणं हा हात दाखवून अवलक्षण करून घेण्याचा प्रकार आहे. पकडलं गेलं तर त्या एका डॉक्टरची हकालपट्टी होतेच, वर संस्थेच्या नोंदणीच्या फाईलवर शेरा पडतो. करारात परदेशी कर्मचाऱ्यांची संख्या ठरवून मिळते. ती ठरवताना रजेवर गेलेल्याची जागा भरणारा आणि थोड्या दिवसांसाठी येणारे तज्ज्ञ धरायला विसरतात. त्यांच्यासाठी वेगळ्या प्रकारचा अल्पकालीन व्हिसा लिहून घ्या. डॉक्टर-नर्सना तिथल्या वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी लागते. ती नसताना शस्त्रक्रियेत काही बिघडलं तर विमा कंपनीही हात वर करते.

स्थानिक कर्मचाऱ्यांबद्दल एक ठाम मत. त्यांच्यासाठी कसलीही सूट मागू नका. कामगार कायदा, उत्पन्नावरचा कर, भविष्य निर्वाह, सेवासमाप्तीची रक्कम सगळं पहिल्या महिन्यापासून पाळा. 'सल्लागार' म्हणून महिन्याच्या महिन्याला पैसे देत राहण्याची पळवाट पाच वर्षांनी एकदम अंगावर येते. कामगार न्यायालयात संस्थेच्या बाजूनं एकही कागद नसतो.

बँक

बँकेला नोंदणी हवी, नोंदणीला बँकेचं पत्र हवं, असा फेरा बऱ्याच ठिकाणी पडतो. उपाय म्हणजे खातं उघडण्याचं सशर्त पत्र. मसुदा तुम्हीच लिहून न्या, शाखेत कुणी स्वतःहून लिहीत नाही. मंडळाच्या प्रत्येक सदस्याची ओळखपत्रं बँक मागते आणि त्यांची नावं निर्बंध याद्यांशी ताडते. निर्बंध असलेल्या देशात काम असेल तर सुरक्षा परिषदेचा ९ डिसेंबर २०२२ चा ठराव २६६४ जवळ ठेवा. मानवतावादी मदतीसाठीचे व्यवहार त्यानं मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधातून वगळले आहेत. तरीही मधली परदेशी बँक घाबरून पैसे अडवते, म्हणून सुरुवातीला तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून चला.

तोवर काय करायचं

सगळं जुळून आलं तर सहा ते बारा महिने धरा. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण इथं आशावादी ठरते. या काळात काम करायचे दोनच सरळ रस्ते आहेत. एक, आधीच नोंदणी असलेल्या संस्थेशी लेखी यजमानपदाचा करार, ज्यात माणसं, पैसा आणि जबाबदारी कुणाची हे स्पष्ट असेल आणि ज्याची माहिती नियामकाला दिलेली असेल. दुसरा, स्थानिक संस्थेला अनुदान देऊन काम तिच्याकडूनच करून घेणं, अर्थात तिला परकीय पैसा घेण्याची परवानगी असेल तर. देशप्रमुखाच्या वैयक्तिक नावावर घर, खातं किंवा गाडी घेणं हा तिसरा रस्ता फार रुळलेला आहे. कर खात्याच्या नजरेत तो सगळा पैसा त्या माणसाचं उत्पन्न ठरतो.

मोठी आपत्ती असेल तर काही देश तात्पुरती ओळख देतात. रेड क्रॉसच्या २००७ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं मान्य केलेली आपत्ती मदतीची मार्गदर्शक तत्त्वं आणि त्यावर आधारलेला २०१३ चा नमुना कायदा त्यासाठीच आहेत. सरकारवर ते बंधनकारक नाहीत, पण वाटाघाटीत 'जगात असं केलं जातं' म्हणून समोर ठेवता येतात. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात मिळालेली तोंडी परवानगी त्याच दिवशी ईमेलनं लिहून पाठवा आणि उत्तर मागा. दोन महिन्यांनी ती देणारा अधिकारी तिथं नसतो.

गोपनीयता आणि बाहेर पडणं

रेड क्रॉस समितीच्या कर्मचाऱ्यांना साक्षीला बोलावता येत नाही, हे माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणानं जुलै १९९९ मध्ये सिमिच खटल्यात मान्य केलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या नियम ७३ मध्येही ते आहे. तुम्हाला हे संरक्षण नाही. रुग्णांची माहिती स्थानिक वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्यानुसारच जपता येईल, म्हणून त्या कायद्याचा उल्लेख करारात हवा. सरकारला कोणते अहवाल द्यायचे त्याची यादी बंद ठेवा. 'आणि मागणी केल्यास इतर माहिती' हे शेपूट दिसलं की 'वैयक्तिक ओळख पटेल अशी माहिती वगळून' हे जोडा.

संपुष्टात आणण्याचं कलम सहीच्या वेळी अपशकुनी वाटतं, तरी लिहाच. सुदाननं मार्च २००९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बशीर यांच्यावर अटक वॉरंट निघाल्यावर, तेरा परदेशी संस्थांना बाहेर काढलं; त्यांच्या गाड्या आणि संगणकही ताब्यात घेतले. असं झालंच तर कागद तुम्हाला वाचवणार नाही. साध्या परिस्थितीत मात्र नव्वद दिवसांची नोटीस, खाती बंद होईपर्यंत चालवण्याची मुभा, मालमत्ता कुणाला द्यायची याचा क्रम आणि कर्मचाऱ्यांची देणी आधी, एवढं लिहिलेलं असेल तर बरंच निस्तरतं. सेवासमाप्तीची रक्कम दरमहा वेगळी बाजूला टाका.

पुण्याचा ट्रस्ट

त्यांची माणसं आणि अनुभव घ्या, पैशाबाबत जपून. धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर केलेला खर्च करमुक्तीसाठी धरायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. त्याशिवाय पैसा पाठवला तर ट्रस्टला कर बसतो. ट्रस्टला परकीय देणग्या येत असतील तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (परकीय योगदान नियमन कायदा) याखालचा पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, मग ती भारतातली का असेना. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही २० टक्क्यांवर आली आहे. म्हणून ट्रस्टनं पैसा न देता डॉक्टर द्यावेत आणि त्यांचा प्रवास, विमा आणि मानधन तुमच्या संस्थेनं थेट करावं, हे सुटसुटीत. तुमच्याकडून ट्रस्टला काही द्यायचं असेल तर ते परकीय योगदान ठरेल आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावं लागेल.

मुख्यालयाच्या डोक्यात उद्या भारतातच शाखा काढण्याचा विचार आला, तर तेही इथंच सांगून ठेवा: रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या विनियमांनुसार परदेशी ना-नफा संस्थेच्या कार्यालयाचा अर्ज केंद्र सरकारशी सल्लामसलत करूनच ठरतो, आणि काम एफसीआरएच्या कक्षेत येत असेल तर त्या विनियमांखाली परवानगी मागताच येत नाही. बहुतेक परदेशी संस्था त्यामुळे इथं स्वतंत्र भारतीय ट्रस्ट किंवा कलम ८ ची कंपनी (कंपनी कायद्याखालची ना-नफा कंपनी) काढतात, जिचं विश्वस्त मंडळ आणि हिशेब दोन्ही वेगळे असतात.